उन्हाळ्याची तालीम

विद्याधररावांना ऊन म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नव्हती. अकोल्याच्या एस.टी. डेपोत बत्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता बंद पडलेल्या बसखाली शिरायचं, चार वाजता बाहेर यायचं आणि वर म्हणायचं, "आज जरा बरं हाय." अशा माणसावर एकाहत्तराव्या वर्षी डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारमध्ये, दोन स्वेटर आणि लोकरीचे मोजे घालून उन्हाची नालस्ती करायची पाळी आली. पाळी कुणी आणली? त्यांची त्यांनीच. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयच नाही.

त्याचं झालं असं. विद्याधरराव मुलाकडे आले होते ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको प्रभा गेली, तेव्हापासून दर वर्षी येत. नव्वद म्हणजे नव्वद. एक्क्याण्णवाव्या दिवशी माणूस विमानात हवा. यंदाचे पंचावन्न संपले होते. मुलगा अभिजित चेरीवूडला सॉफ्टवेअर कंपनीत. सून वृंदा घरीच शिवणकाम करायची: गणपतीच्या आधी शिवलेल्या नऊवाऱ्या, आणि मे महिन्यात इथल्या आयरिश पोरींचे, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला घालायचे पांढरेशुभ्र झगे. नात रेवा तेरा वर्षांची, कॅमोगी खेळणारी. कॅमोगी म्हणजे हॉकीची तापट बहीण म्हणा. चेंडू जमिनीवर कमी आणि डोक्याच्या पातळीवर जास्त. रेवाला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची ती इंग्रजीच, आणि तेही असं आयरिश वळणाचं की निम्मं आजोबांना कळायचं आणि उरलेलं निम्मं ते तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. आपण तिचं बोलणं मराठीतच ऐकू, उगाच सगळ्यांना त्रास नको.

ओंगारच्या घरांना भिंती असतात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात नुसता पुठ्ठा उभा केलेला असतो. बुधवारी संध्याकाळी विद्याधरराव आपल्या खोलीत आडवे झाले होते आणि पलीकडच्या खोलीत नवराबायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"पगाराचं सोड गं," अभिजित म्हणत होता. "दुबईला गेलो तर बाबांना कायमचं आणता येईल. व्हिसा दर वर्षी वाढवायचा, झालं. इथे काय, नव्वद दिवस झाले की माझा बाप पाहुणा."

"आणि रेवा? तिची टीम, तिच्या मैत्रिणी? आणि माझं सहा वर्षांचं काम? दुबईत गल्लोगल्ली टेलर आहेत, अभी. माझ्याकडे कोण येणार?"

"म्हणून तर तुला विचारतोय. तू हो म्हणालीस तरच. सोमवारी कळवायचंय दुबईच्या कंपनीला."

विद्याधररावांनी श्वाससुद्धा हळू घेतला. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी त्यांना असा काही आनंद झाला की उठून बसावंसं वाटलं. कायमचं! पोरगा, सून, नात, सगळे एका घरात, आणि कॅलेंडरवर खुणा करायची भानगड नाही. दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली. एका म्हाताऱ्यासाठी तीन जणांचं जमलेलं बस्तान उठवायचं? रेवानं टीम सोडायची, वृंदानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, कशासाठी, तर विद्याधर एकटा पडू नये म्हणून? "नाही बाप्पा," ते उशीला म्हणाले. "हे काही आपल्याच्यानं होत नाही."

पण नुसतं "मला यायचं नाही" म्हणून भागलं नसतं. बाप मन मारतोय हे अभिजितनं बरोबर ताडलं असतं. मग उपाय काय? तर त्या सगळ्यांना त्या गावाचीच धास्ती घालायची. आणि ऊन या विषयात उभ्या ओंगारमध्ये विद्याधररावांच्या तोडीचा माणूस होता कोण?

तयारी म्हणून त्यांनी गुरुवारी सकाळी अकोल्याला बाळूला फोन लावला. बाळू डेपोतला इलेक्ट्रिशियन, आता तोही रिटायर. त्याचा मुलगा शारजात, म्हणजे दुबईला लागूनच, आणि बाळू तिथे दोन वर्षं राहून आलेला.

"बाळू, दुबईच्या गर्मीचं सांग. जेवढं वाईट असंन तेवढं सांग."

"काहून? कोणाले घाबरवून राहिला?"

"पोराले. तसं म्या म्हणत होतो, खसच्या ताट्या आणि कूलर लावला की आपल्यासारखं भागत असंन..."

बाळू खो खो हसला. "कूलर? अबे, बाजूले समुद्र हाय तिथं! हवेतच पाणी. कूलर लावशीन तं पापड मऊ पडतीन, अंग थंडं होनार नाही. आपली गर्मी सुकी, ती घामाची. तुह्यं अकोल्याचं ज्ञान तिथं चालत नाही भाऊ."

बत्तीस वर्षांचं ज्ञान एका वाक्यात भंगारात गेलं. विद्याधरराव निमूटपणे वही उघडून बाळू सांगेल ते लिहून घेऊ लागले. उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला की गरम पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर. म्हणून शहाणे लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. बाहेर भट्टी आणि आत एसी असा की मॉलमध्ये बाळू स्वेटर घालून बसायचा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावायची सोय नाही, बॅटरी दोन उन्हाळ्यांत राम म्हणते, आणि टायर घेताना तो किती जुना आहे ते पाहूनच घ्यायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पोरं मैदानाऐवजी मॉलमध्ये फिरतात. आणि सगळ्यात कहर म्हणजे, एवढं ऊन असून डॉक्टर बाळूला म्हणाला, तुम्हाला ऊन कमी पडतंय, व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घ्या. सगळे घरात बसतात ना, उन्हाला कोण जातो! टायरचं ऐकून मात्र विद्याधररावांना बरं वाटलं. निदान टायरचं तरी आपल्याला ठाऊक होतं.

शुक्रवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "उद्या तालीम हाय."

"कसली?" अभिजित म्हणाला.

"उन्हाळ्याची. तुमचं दुबईचं चाललं हाय ते मले माहीत हाय. भिंती पातळ हायत तुमच्या. जायचं का नाही ते तुम्ही ठरवा, पन आधी एक दिवस राहून तं पाहा. परगावी जायच्या आधी रस्ता विचारून घ्यावा माणसानं."

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं नेमकं किती ऐकलं असेल, हा प्रश्न अभिजितच्या चेहऱ्यावर लिहिलेला होता. विद्याधररावांनी भातावर वरण घेतलं आणि काही एक दाखवलं नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला त्यांनी सगळ्यांना उठवलं. "बाहेरची कामं आठच्या आत. नंतर बाहेर पडायचं नाही." बाहेर बारा डिग्री होतं आणि आयर्लंडचा तो सुप्रसिद्ध पाऊस होता, जो पडत नाही पण माणूस भिजतो. अभिजितनं दूध आणलं, वृंदानं ब्लँचर्ड्सटाऊनहून आणलेल्या कैऱ्या उकडायला लावल्या, रेवा वसाहतीला तीन फेऱ्या मारून आली आणि दारातच म्हणाली की ही छळवणूक आहे आणि ती शाळेत काउन्सेलरला सांगणार आहे.

आठ वाजता विद्याधररावांनी सगळ्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि थर्मोस्टॅट तीसवर नेला. या घरानं जन्मात तीस पाहिले नव्हते. आधी बॉयलर कण्हला, मग रेडिएटर टकटक करायला लागले, आणि दहा वाजेपर्यंत आतली हवा अशी झाली की अभिजितनं जीन्स काढून हाफ पँट चढवली. टॉवेल ठेवायच्या हॉट प्रेसचं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाचं, दार उघडून ठेवलं, तीही ऊब जिन्यात. मागच्या दाराशी विद्याधरराव वृंदाचा हेअर ड्रायर घेऊन खुर्ची टाकून बसले. दाराजवळ जो येईल त्याच्या तोंडावर गरम झोत. "ही झळ. गाडीपर्यंत जायचं म्हणजे एवढं सोसायचं."

"बाबा, डोळ्यांत जातंय!"

"तिथं काय पायात जाईन?"

आंघोळीला गार पाणी बंद. फोन चौघांचेही काढून घेऊन ब्रेडच्या डब्यात ठेवले, कारण उन्हात फोन तापून बंद पडतो असं बाळूनं सांगितलं होतं. वरच्या चिमुकल्या अडगळीच्या खोलीची खिडकी सताड उघडून त्यांनी तिला मॉल नाव दिलं. आत बारा डिग्री, बाहेर तीस. मॉलमध्ये जाताना स्वेटर घालायचा, येताना काढायचा. "दिवसातून दहा वेळा हे कराल आणि मंग शिंकत बसाल," त्यांनी दम भरला.

आता एवढं केल्यावर माणसं घाबरायला हवीत की नको? तुम्हीच सांगा. पण कशाचं काय! रेवाला मॉल भयंकर आवडला. ती आत जाऊन "सेल लागलाय, सेल लागलाय" असं ओरडत आईचे दुपट्टे घेऊन बाहेर येऊ लागली. अभिजित, जो शनिवारी सकाळीसुद्धा लॅपटॉपला चिकटलेला असायचा, तो फरशीवर उताणा पडून पन्हं पीत होता आणि म्हणत होता, "बाबा, लहानपणी आपण असेच पडायचो ना दुपारी?" वृंदानं तेवढं घामेजल्या हातांनी पांढऱ्या सॅटिनला डाग पडतील म्हणून कुरकुर केली, मग हात पुसून झग्याला शेवटचे टाके घातले आणि तीही येऊन खाली टेकली. विद्याधरराव अस्वस्थ झाले. हे पाणी भलतीकडेच वाहत होतं.

साडेबाराला दाराची बेल वाजली. शेजारची नोरीन, नातीचा कम्युनियनचा झगा न्यायला आलेली. साठीची, गुबगुबीत बाई, अंगात कोट, त्याखाली कार्डिगन. विद्याधररावांनी नियम म्हणजे नियम या न्यायानं तिच्याही तोंडावर झोत सोडला. नोरीननं डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की बघत राहावं.

"जीझस, मेरी अँड जोसेफ," ती म्हणाली. "अगदी लान्झारोटे!" लान्झारोटे म्हणजे आयरिश माणूस ऊन खायला जातो ते स्पेनचं बेट.

तिनं कोट काढला, कार्डिगन काढलं, बूटसुद्धा काढले, आणि झगा राहिला बाजूला, बाई बसल्या पन्ह्याचा ग्लास घेऊन. रेवानं पत्ते आणले. बदाम सात नोरीनला दोन डावांत आलं आणि तिसऱ्या डावात ती चक्क पान दाबून बसायला लागली. "त्या युअर मॅनकडे आहे सत्ती," असं विद्याधररावांकडे बोट करून ती आयरिश पद्धतीनं सांगायची आणि ते खरंही असायचं. रेवा हसून हसून आडवी झाली. दुपारच्या जेवणात वरण, भात, कच्चा कांदा. नोरीननं कांद्यालाही नाही म्हटलं नाही.

तीन वाजता ती निघाली. झगा हातावर घेऊन दारात थांबली आणि बाहेरच्या भुरभुरीकडे बघत सहज म्हणाली, "माझा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला आहे. तिथेही म्हणे असंच ऊन असतं. दर वर्षी ये म्हणतो, मी म्हणते पुढच्या वर्षी येईन. अकरा वर्षं म्हणतेय." मग हसली, सगळ्यांना 'ग्रँड डे' म्हणाली आणि गेली.

विद्याधररावांनी दार लावलं. वळून पाहतात तो अभिजित उठून बसलेला, चेहरा कसा फुललेला.

"बाबा, खरं सांगू? मी घाबरलो होतो त्या उन्हाला. पण हे तर जमण्यासारखं आहे. वृंदा, गेल्या वर्षभरात आपण चौघं असे सहा तास एका खोलीत बसलोय का कधी?"

झालं! घाबरवायला काढलेली तालीम, आणि नाटकच पसंत पडलं. विद्याधररावांचा तोल सुटला. "जमण्यासारखं? हे जमण्यासारखं हाय? हा एक दिवस हाय बाबू, तिथं चार महिने हायत! पोट्टी खेळाले कुठं जाईन? हिनं शिवनकाम कोनाचं करायचं? आणि माह्यासाठी जात असशीन तं जाऊच नको. म्या येत नाही. ऐकलं? येत नाही म्या!"

रेवानं हातातले पत्ते खाली ठेवले.

"तुमच्यासाठी जातोय, असं कोण म्हणालं?" अभिजितनं विचारलं, पण त्याच्या आवाजातच कबुली होती.

"बाबा," वृंदा शांतपणे म्हणाली. "टायर सांगितलेत, बॅटरी सांगितलीत, गीझर सांगितलात. हेअर ड्रायर हातात घेतलात तेव्हाच मला कळलं काय चाललंय ते. एवढं सगळं सांगितलंत, फक्त तुम्हाला काय हवंय ते नाही सांगितलं."

"मले काय पायजे? मले काहीच नाही पायजे. अकोल्यात घर हाय, बाळू हाय, डॉक्टर दोन गल्ल्या सोडून हाय, दूधवाला..."

"दूधवाल्याचं नाही विचारलं मी. आणि भिंती तुमच्या बाजूनं जेवढ्या पातळ आहेत तेवढ्याच आमच्याही बाजूनं आहेत. बुधवारी तुम्ही उशीशी काय बोललात ते ऐकलंय मी. खरं काय ते सांगा. एकच वाक्य."

विद्याधररावांनी पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा पिसले. डेपोत युनियनच्या लोकांना, साहेबांना, रडणाऱ्या कंडक्टरांना तोंड दिलेला माणूस सुनेपुढे पत्ते मोजत बसला.

"खोटं कायले बोलू," ते शेवटी पत्त्यांकडेच बघत म्हणाले. "मले यायचं हाय. एका वाक्यात विचारलं म्हणून सांगतो, मले लय यायचं हाय. म्या तिकडे दोन दिवसांची भाजी एकदाच करतो. ताट घेऊन टीव्हीपुढं बसतो. टीव्ही पाहत नाही, नुसता आवाज राहू देतो. प्रभा गेली त्याले सहा वर्षं झाले. इथून गेलो का नऊ महिने मले कोनी 'अजून वाढू का' म्हणत नाही. माणसाले भूक लागते, ते काही नाही. पन कोनी इचारलं नाही का जेवन संपल्यासारखं वाटत नाही." ते थांबले. "पन तुमचं मोडून नाही यायचं मले. हे बी खरं हाय."

अभिजित उठला, बापाशेजारी येऊन बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तसाच राहिला.

"आता माझंही खरं ऐका," वृंदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. "मला जायचं नाहीये. पहिल्या वर्षी एक बाई आली होती माझ्याकडे, नुसता पडदा आखूड करायला. आज मे महिन्यात मला नाही म्हणावं लागतं लोकांना. ते सोडून जायचं माझ्या जिवावर येतंय. पण तुम्ही तिकडे टीव्ही लावून जेवताय हे कळल्यावर मी इथे झग्यांना लेस लावत बसू? नाही जमणार मला. मी मशीन बरोबर घेईन. बघू कोण येतं ते. राहिली रेवा."

सगळ्यांनी रेवाकडे पाहिलं. ती कधी उठली ते कुणाला कळलं नव्हतं. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिथून ती धाडधाड वर गेली आणि अडगळीच्या खोलीचं दार असं आपटलं की तो पुठ्ठा खालपर्यंत हादरला.

वृंदा उठायला लागली. विद्याधररावांनी तिला हातानंच थांबवलं आणि स्वतः जिना चढले. दाराबाहेर जमिनीवर बसकण मारली. आतून खिडकीचा गार वारा दाराखालून येत होता आणि नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"रेवा," ते म्हणाले. "आपन नाही जात. म्या सांगतो तुह्या बापाले. सोमवारी नाही म्हणून कळवून टाकीन तो. रडू नको माय."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. विद्याधररावांचे गुडघे दुखायला लागले, पण ते हलले नाहीत. आपण ही तालीम काढलीच नसती, बुधवारी कानात कापूस घालून झोपलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

दार उघडलं. रेवा स्वेटर घालून उभी होती, नाक लाल.

"फोनवर तुम्ही नेहमी म्हणता, जेवण मस्त झालं," ती म्हणाली. "दर रविवारी म्हणता. मी विचारते आणि तुम्ही म्हणता मस्त."

"मंग काय म्हणू?"

"खरं म्हणायचं." ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसली. "तिथे कॅमोगी आहे का?"

"आहे!" खालून जिन्यातून अभिजितचा आवाज आला, म्हणजे तो सगळं ऐकत उभा होता. "आयरिश माणूस जिथे जातो तिथे क्लब काढतो. मी बघितलंय."

"पण ती माझी टीम नाही," रेवा खाली ओरडून म्हणाली.

"नाही," अभिजित म्हणाला.

रेवानं बाहीला नाक पुसलं. ती आजोबांच्या लोकरीच्या मोज्यांकडे बघत होती. इतक्या उकाड्यातही त्यांनी ते काढले नव्हते.

"ठीक आहे," ती म्हणाली. "जाऊ. पण तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की जायच्या आधी काय काय माहीत असायला हवं, तर आता माझंही माहीत असू दे. मी खूश नसणार. मी पूर्ण एक वर्ष रागात असणार आहे. शाळेतून येऊन मी दप्तर फेकणार, कुणाशी बोलणार नाही, दार आपटणार. कुणी मला 'अ‍ॅडजस्ट कर' म्हणायचं नाही. आई नाही, बाबा नाही. एक वर्ष. चालेल?"

विद्याधररावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, केस विस्कटले, ते तिला मुळीच आवडायचं नाही, पण आज तिनं डोकं मागे घेतलं नाही.

"राह्य," ते म्हणाले. "वर्षभर राह्य रागात. दप्तर फेक, दार आपट. म्या हाय नं घरी."